काळी चारमधलं रॉक

बँडची लीड सिंगर व्हायचं म्हणजे काय काय यायला हवं, असं हल्ली कॉलेजातल्या मुली मला विचारतात. त्यांची अपेक्षा असते की मी स्टेजवरच्या आत्मविश्वासाबद्दल काहीतरी बोलेन. मी उलट विचारते, "तुझी पट्टी कुठली?" म्हणजे कुठल्या सुराला 'सा' धरून तुझा गळा नीट चालतो? बहुतेकींना सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं, आणि त्यापायी माझे पाच महिने वाया गेले.

आमची प्रॅक्टिस नाशिकमध्ये सातपूरला, एका मित्राच्या वडिलांच्या वर्कशॉपच्या माळ्यावर चालायची. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले होते. (त्याने खोलीतलं घुमणं थोडं कमी होतं, आवाज बाहेर जायचा थांबत नाही. शेजारच्या काकू साक्षीदार आहेत.) गाणी सगळी पुरुष गायकांची आणि मूळ पट्टीतच. गिटारवाल्याला 'ई' प्रिय, कारण त्या सुराची मोकळी तार (बोटाने न दाबता वाजणारी) हातात असते आणि ती दणदणीत वाजते. 'ई' म्हणजे आपल्या पेटीवरची सफेद तीन, सप्तकातली तिसरी पांढरी. त्या पट्टीत कडवं माझ्यासाठी इतकं खाली जायचं, की ड्रमखाली माझा आवाज गाडला जायचा. म्हणून मी सगळंच वरच्या सप्तकात गायला लागले. कडवं बरं जमायचं, पण धृपदाला पोचले की गाणं संपून किंचाळणं सुरू. पोरांना वाटायचं, काय पॉवर आहे हिची! मलाही तसंच वाटायचं.

एका रात्री गंगापूर रोडच्या पुढे एका लॉन्सवर कार्यक्रम होता. जानेवारी महिना. नाशिकची थंडी तुम्हाला माहीत आहेच, त्यात समोरून धुराचं मशीन. तिसऱ्या गाण्यात वरचा सूर लावायला गेले आणि नुसती हवा बाहेर आली. उरलेली गाणी बेसवाल्याने रेटली. दुसऱ्या दिवशी फोनवर आई म्हणाली, "कोण बोलतंय?"

घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून स्क्रीनवर दाखवलं. दोन्ही स्वरतंतूंवर, समोरासमोर, एकेक बारीक गाठ. सफेद सहाचा मधला सूर गाताना हे तंतू सेकंदाला ४४० वेळा एकमेकांवर आपटतात. जोर लावून तासभर आपटले तर त्यांना घट्टे पडणारच. नशीब, ऑपरेशन लागलं नाही. आधी पूर्ण मौन, मग आवाजाची थेरपी. "कुजबुजायचंही नाही," हे त्यांनी दोनदा बजावलं. आठवडाभर मी ऑफिसात पाटी-पेन्सिल घेऊन वावरत होते. अंबडच्या कंपनीत अकाउंट्समध्ये आहे म्हणून निभावलं. सेल्समध्ये असते तर नोकरी गेली असती.

त्यानंतर पंचवटीतल्या आमच्या गाण्याच्या बाईंकडे परत गेले. शाळेत असताना त्यांच्याकडे शास्त्रीय गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेपर्यंत शिकले होते आणि 'आता रॉक गाणार' म्हणून सोडून दिलं होतं. ज्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, ते विष्णु दिगंबर पलुस्कर शेवटची वर्षं याच गावात राहिले होते. त्यामुळे आमच्या बाईंसारखी माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात, हा नाशिकचा फायदा आहे, तो घ्या. बाई रागावल्या नाहीत. पेटी उघडून म्हणाल्या, "तुझी काळी चार आहे गं. तुला कोणी सांगितलं सफेद तीनमध्ये गायला?"

हे ऐकून गिटारवाल्याचं तोंड उतरलं. काळी चारची मोकळी तार गिटारवर नसते. मग त्यानेच तोड काढली. गिटार आणि बेसच्या सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवल्या, कीबोर्डचा ट्रान्सपोज (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं बटण) उणे एक केला आणि मोकळ्या तारांचा 'ए' धरला. 'ए' म्हणजे सफेद सहा. ती अर्धा सूर उतरली की ऐकू येते काळी चार. त्याची मोकळी तार राहिली, माझा गळा राहिला. आजही आम्ही तसंच वाजवतो. गाणं बसवायच्या आधी धृपदाचा सर्वांत वरचा आणि कडव्याचा सर्वांत खालचा सूर पेटीवर शोधा, पट्टी त्यावरून ठरवा. थोडंफार कीबोर्ड यायलाच हवं. 'क्वीन' बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या शाळेत 'द हेक्टिक्स' या बँडमध्ये होता तेव्हा पियानोच वाजवायचा, मुख्य गायक दुसराच होता.

बाकी पथ्यं. कार्यक्रमाच्या दिवशी मिसळ नाही. मलाही जड जातं, पण तिखट-तेलकट खाऊन पित्त वर आलं की ते थेट स्वरयंत्रावर येतं, आणि उशिरा जेवून लगेच आडवं झालं तर जास्तच. स्टेजवर जायच्या वीस मिनिटं आधी मी ग्लासभर पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत सूर लावते. पोरं हसतात, हसू देत. घोगरी किंकाळी व्हिडिओ बघून शिकू नका, समोर शिकवणारं माणूस हवं.

माइक स्वतःचा घ्या. मी एसएम-५८ वापरते. हे मॉडेल १९६६ पासून आहे आणि हातातून पडलं तरी सहसा काही होत नाही. मात्र त्याची जाळी मुठीत धरू नका. दिसायला झकास दिसतं, पण मागून आत येणारा आवाज कापणारी फट बंद होते आणि स्पीकर शिट्टी मारतो. साउंड चेकला मॉनिटरमध्ये, म्हणजे स्टेजवर आपल्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये, स्वतःचा आवाज ऐकू येईपर्यंत हटायचं नाही. संकोच केलात की ऐकू येत नाही म्हणून तुम्ही ओरडणार, आणि पुन्हा त्याच गाठी.

पैशाचं सांगायचं तर माझी नोकरी अजून चालू आहे. सुला फेस्ट २००८ मध्ये सुरू झाल्यापासून गावाला द्राक्षबागेत उभं राहून बँड ऐकायची सवय लागली, तरी आमची मुख्य कमाई लग्नाच्या संगीताची आणि कंपन्यांच्या कार्यक्रमांचीच. निम्मे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय टेम्पो हलवू नका. आमचे एकदा पूर्ण बुडालेत. रात्री दहाला स्पीकर बंद होतो, तेव्हा वरमाला लांबली तरी तुमची वेळ बोलण्यात आधीच पक्की करा. स्वतःची गाणी लिहीत असाल, चाली लावत असाल तर गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएस या संस्थेचं सभासद व्हा. २०१२ च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा नुसता कागदावर सही घेऊन काढून घेता येत नाही.

पुढच्या शनिवारी इंदिरानगरात एक हळद आहे. यजमानांनी आधीच विचारलंय, "ताई, झिंगाट होईल ना?" होईल. पण काळी चारमध्ये.