नाक चोंदलंय? गोळी घेण्याआधी स्ट्रिप वाचा

डिसेंबरात नागपूरची थंडी पडली की घरात कोणाचं ना कोणाचं नाक गळूनच राहते, आणि मग जा बर्डीच्या बाजारात, मेडिकलमधून सर्दीची गोळी आणा. थांबा जरा, आधी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. फिनाइलेफ्रिन (नाक मोकळं करायला म्हणून घालतात ते औषध) असेल तर चोंदलेलं नाक त्यानं सुटेल ही आशा सोडा, २०२३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएच्या (तिथल्या सरकारी औषध नियामक संस्थेच्या) सल्लागार तज्ज्ञांनीच सांगितलं की गोळीतून घेतलं तर त्याचा उपयोग होत नाही. त्याच गोळीत सोबत असणाऱ्या क्लोरफेनिरामाइननं (अ‍ॅलर्जीवरचं औषध) गळणं थोडं कमी होते पण झोप येते, तेव्हा गाडी चालवू नका.

नाकात टाकायचे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे ड्रॉप्स मात्र खरंच लागू पडतात, काही मिनिटांत नाक मोकळं. पण ३ ते ५ दिवसांच्या वर नाही! मी एकदा पंधरा दिवस ओढले, मग ड्रॉप्सशिवाय नाकच उघडेना, बाटली उशाखाली घेऊन झोपायचो. बीपीवाल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्या. ४ वर्षांखालच्या पोरांना फिनाइलेफ्रिन-क्लोरफेनिरामाइनचं सिरप बिलकुल नको, नाकात सलाइनचे (मिठाच्या पाण्याचे) थेंब टाका.

वाफ? बरं वाटते, तेवढंच. फक्त उकळत्या पाण्याचा गंज मांडीवर घेऊन बसू नका, टेबलावर ठेवा आणि पोरांना दूर.