बोटीच्या इंजिनाचा कार्बोरेटर खोलताय? आधी या चुका टाळा

मे महिना सरत आला की बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या इंजिन दुरुस्तीच्या शेडसमोर पिकअप थांबायला लागतात. मागे पोत्यात गुंडाळलेलं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागच्या कडेला बाहेरून लावायचं. कुणाचं मांजरीचं, कुणाचं येडूरचं, कुणाचं दूधगंगेकाठच्या सदलग्याचं, एखादं हिडकल धरणाकडचं. वर्षातले आठ-नऊ महिने त्याला कुणी हात लावलेला नसतो. मग कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यातून किती क्युसेक सुटलं याच्या बातम्या सुरू होतात आणि त्याच आठवड्यात सगळ्यांना इंजिन हवं असतं. तक्रारही ठरलेली : "अण्णा, कारबेटर गेलाय. दोरी ओढली की उठतंय, रेस दिली की बसायलंय."

यातल्या बऱ्याच इंजिनांचा कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, ठणठणीत असतो. आणि ज्यांचा खरंच बिघडलेला असतो, त्यातले कितीतरी आधी कुणीतरी 'साफ' केल्यामुळे बिघडलेले असतात. कार्बोरेटर खोलणं हे शेवटचं काम आहे. लोक तिथूनच सुरुवात करतात, ही पहिली चूक.

टाकीकडे न बघता पाना उचलणे

आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बघा. वाहतुकीत पेट्रोल सांडू नये म्हणून तो आवळलेला असतो आणि बोट पाण्यात गेल्यावर सैल करायचा राहून जातो. मग इंजिन पाच-दहा मिनिटं झकास चालतं आणि नदीच्या मध्यावर गप्प होतं. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल बाहेर येत नाही. एवढ्याचसाठी चिकोडीहून बेळगावपर्यंत इंजिन आणलेली माणसं मी पाहिली आहेत.

मग पाइपातला रबरी फुगा, म्हणजे प्रायमर बल्ब. हा फुकटचा डॉक्टर आहे. त्यावरचा बाण इंजिनाकडे हवा. दाबत गेल्यावर तो कडक झाला पाहिजे. कितीही दाबला तरी कडक होत नसेल तर कुठेतरी हवा ओढली जातेय किंवा कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतोय. खाली पेट्रोल ठिबकतंय का बघा. इंजिन चालू असताना फुगा चपटा होऊन आत ओढला गेला तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. आणि इंजिन मरायला लागलं की फुगा दाबायचा : दाबल्यावर ते सावरलं तर संशय इंजिनातल्या पेट्रोल पंपाच्या पडद्यावर किंवा जोडणीतल्या ओ-रिंगवर घ्या. असा पडदा बदलून सुटणाऱ्या दुखण्यासाठी अख्खा कार्बोरेटर खोलून बसणं म्हणजे म्हशीचं दुखणं आणि पखालीला इंजेक्शन.

प्लग काढून स्पार्क बघा, दोन सिलिंडर असतील तर दोन्हीचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजा. आकड्यांत फार तफावत असेल, पंधरा टक्क्यांच्या वर, तर कार्बोरेटरवर खर्च करण्यात अर्थ नाही. आधी पिस्टन-रिंगांचं बघावं लागेल.

जुनं पेट्रोल 'चालतंय की' म्हणणे

बाटलीत थोडं पेट्रोल काढून उजेडात धरा. काचेची बाटली घ्या. तळाशी वेगळा थर दिसला तर तिथेच निदान झालं. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ऊस आपल्याच शिवारातला, मळीही आपल्याच भागातल्या कारखान्यांची, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करायची! पण इथेनॉल पाणी शोषतं. पावसाळी हवेत अर्धवट भरलेली टाकी चार महिने ठेवली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली बसतात आणि पेट्रोल वर राहतं. टू-स्ट्रोकमध्ये, म्हणजे पेट्रोलातच ऑइल मिसळून चालणाऱ्या इंजिनात, इथे खरा धोका आहे. ऑइल राहतं वरच्या पेट्रोलात, आणि टाकीतला पाइप ओढतो तळाचं. इंजिनाला ऑइलच मिळत नाही.

तेव्हा जुनं पेट्रोल काढून टाका. नवीन मिश्रण कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या प्रमाणात करा. बऱ्याच टू-स्ट्रोक आउटबोर्डना ५०:१ लागतं, म्हणजे लिटरला २० मिली. २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. अंदाजाने 'एक टोपण' नको. आणि मोटारसायकलचं टू-टी ऑइल नको, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं पाण्यातल्या इंजिनांचंच घ्या. मोटारसायकलच्या ऑइलमधले घटक जळून राख सोडतात. पाण्याने थंड होणाऱ्या या इंजिनात ती प्लगवर आणि पिस्टनवर साठते.

खोलताना होणाऱ्या चुका

जपानी कार्बोरेटरच्या बाऊलचे, म्हणजे तळच्या पेट्रोलच्या वाटीचे, स्क्रू दिसायला आपल्या चौफुली पेचकसाचे, पण खाच जरा वेगळी असते. साधा पेचकस लावून जोर दिला की डोकं गुळगुळीत. जेआयएस (जपानी मापाच्या) टोकाचा पेचकस आणा, किंवा आधी पेचकसावर हलकी हातोडी मारून स्क्रू हलवून घ्या. उघड्यावर बसा, जवळ बिडी-काडी नको, खाली ताट ठेवा आणि प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. लिंकेजच्या (रेसच्या दांड्यांच्या) स्प्रिंगा कुठल्या भोकात होत्या हे दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही, मलाही नाही.

आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन मंद चालतानाचा, मिश्रणाचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलकेच आत फिरवत किती आटे आहेत ते मोजा आणि खडूने बाकावर लिहा. दीड, पावणेदोन, जे असेल ते. हलकेच म्हणजे दोन बोटांनी. टेकल्यावर आणखी आवळला की त्याचं निमुळतं टोक बसकं होतं, मग ते इंजिन आयडलला कधीच स्थिर राहत नाही.

बाऊल उघडला की लगेच पुसू नका. आत काय आहे ते वाचा. मण्यासारखे थेंब तळाशी फिरत असतील तर पाणी. तपकिरी, गुळाच्या काकवीसारखा चिकट थर असेल तर वाळलेलं पेट्रोल. पांढरी भुकटी असेल तर पाण्याने ॲल्युमिनियम खाल्लंय. ती भुकटी खरवडल्यावर खाली खड्डे निघाले तर नवा बाऊल बघावा लागेल.

जेटमध्ये तार घालणे

हे मी स्वतः केलंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऑगस्ट २०१९. कृष्णेला पूर, रस्ते बंद, आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरवरून एक इंजिन शेडमध्ये आलं. स्लो जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, बंद होता. कॉम्प्रेसर होता पण वीज नव्हती. मी ब्रेकच्या केबलमधली एक तार सोडवली, जेटमध्ये घातली, दोनदा मागेपुढे केली. उजेड दिसला. पाण्याने भरलेल्या बॅरलमध्ये इंजिन लावलं तर एका दोरीत उठलं, आयडलला थोडा धूर काढत होतं, पण घाईत म्हटलं जाऊ दे. दुसऱ्या दिवशी फोन आला. अर्ध्या पात्रात प्लग काळा-ओला होऊन बंद पडलं होतं, बांबूने बोट काठाला लावावी लागली होती. बोटीवरचे मामा चिडले नव्हते, एवढंच म्हणाले : "तुझ्या बॅरलातलं पाणी थांबल्यालं असतंय रे बाबा, आमचं पळतंय."

जेट पितळेचा, तार पोलादाची. भोक जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं. त्याचा व्यास दहा टक्के जरी वाढला तरी क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे जवळपास सव्वापट पेट्रोल. शिवाय भोकाची कड ओरखडली की प्रवाह फाटतो. तो जेट मी अजून पाकिटात ठेवलाय, नवीन पोराला भिंगातून दाखवायला. गोल भोकाला एका बाजूला चोच फुटल्यासारखी दिसते.

बरोबर रीत : जेट कार्बोरेटर क्लीनरमध्ये काही तास बुडवा, मग हवा मारा, नेहमीच्या वाहण्याच्या उलट दिशेने. तरी निघालं नाही तर नायलॉनचा दोरा किंवा वायरीतला तांब्याचा एक बारीक धागा, तोही भोकापेक्षा बारीक. तरीही नाही, तर त्याच नंबरचा नवीन जेट. जवळपासचा नंबर 'बसतोय' म्हणून घालू नका.

आणि क्लीनरमध्ये सगळंच बुडवू नका. रबरी रिंगा, प्लास्टिकचा फ्लोट (बाऊलमधला तरंगता भाग), पंपाचा पडदा, नीडलचं (फ्लोट वर आल्यावर पेट्रोल बंद करणाऱ्या सुईचं) रबरी टोक हे सगळं आधी बाहेर काढा. क्लीनर त्यांना फुगवतो. हवा मारताना चष्मा घाला. एका भोकात मारलेली हवा क्लीनरसकट दुसऱ्यातून थेट डोळ्यात येते.

फ्लोट, नीडल, पॅकिंग

किट आणताना इंजिनाच्या ब्रॅकेटवरचा मॉडेल नंबर घेऊन जा. 'पंधरा हॉर्सपॉवर' एवढ्यावर दुकानदार देईल ते बसेलच असं नाही. नीडलच्या टोकावर नख फिरवा. गोल खाच लागली तर ती गेली, आणि सीट (नीडल टेकते ती जागा) वेगळी मिळत असेल तर दोन्ही बरोबर बदला. पोकळ फ्लोट कानाशी हलवून बघा. आत पेट्रोल खळखळलं तर तो भोकाचा. शंका असेल तर गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे जागा दाखवतात.

उंची न तपासता बाऊल लावणं ही मात्र सगळ्यांत महाग पडणारी चूक. कार्बोरेटर उलटा धरा. बऱ्याच मॉडेलमध्ये फ्लोट आपल्या वजनाने टेकल्यावर बाऊलच्या कडेला समांतर दिसला पाहिजे. नेमकं माप पुस्तकात मिळेल. फ्लोटने पेट्रोल उशिरा बंद केलं तर ओव्हरफ्लो. लवकर बंद केलं तर बाऊलमध्ये पेट्रोल कमी आणि मिश्रण पातळ, म्हणजे हवा जास्त. पातळ मिश्रणात टू-स्ट्रोक आधी जोरात पळतं, मालक खूश होतो, आणि मग पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतो. कारण पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी.

पॅकिंगला सिलिकॉन लावू नका. पेट्रोलमध्ये ते फुगतं, त्याचे तुकडे सुटतात आणि तुम्ही नुकत्याच साफ केलेल्या जेटमध्ये जाऊन बसतात. नवीन पॅकिंग कोरडंच लावा, स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे आवळा.

बॅरलमध्ये उठलं म्हणजे झालं, असं समजणे

बॅरलमध्ये पाणी कॅव्हिटेशन प्लेटच्या (प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पट्टीच्या) वर हवं. पाण्याशिवाय 'एकदाच बघू' म्हणून चालवलं तर पंपाचा रबरी पंखा काही सेकंदांत जळतो. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार पडतेय ना, हे नजरेसमोर असू द्या. इथे फक्त आयडल आणि गळती कळते. पूर्ण रेसचं मिश्रण बोटीवर माणसं बसवून, वाहत्या पाण्यातच कळतं; २०१९ नंतर मी काठावर गेल्याशिवाय पैसे घेत नाही. इंजिन गरम झाल्यावर, गिअर घालून, स्क्रू एकावेळी पाव फेरा फिरवा आणि थांबा. अचानक रेस दिल्यावर आचका खात असेल तर मिश्रण पातळ. पाव फेरा दाट करा. दाट ठेवलं तर प्लग काळा होईल, पण पिस्टन वाचेल.

इंजिन कारवारला जाणार असेल तर आणखी एक. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच. इथे विरळ हवेत लावलेला स्क्रू काळी नदीच्या मुखाशी, दाट हवेत, किंचित पातळ ठरतो. फरक थोडा असतो, पण घाट उतरल्यावर तिथे पुन्हा एकदा ऐकून घ्या.

पूर ओसरल्यावर

पाइप काढून इंजिन बॅरलमध्ये आयडलला चालू ठेवा, बाऊल रिकामा होऊन आपोआप बंद पडेपर्यंत. तरी तळाला थोडं उरतंच, ते खालच्या स्क्रूतून काढा. इंजिन उभं ठेवा, आडवं नको. आणि हवा आत घेण्याच्या तोंडाला कापड बांधा. मागच्या वर्षी एका इंजिनाच्या हवेच्या सायलेन्सर बॉक्समधून ओंजळभर शेंगांची टरफलं निघाली. उंदरांनी तिथेच बिऱ्हाड थाटलं होतं. फक्त पुढच्या मे महिन्यात दोरी ओढायच्या आधी ते कापड काढा. ते विसरून आलेली तक्रारसुद्धा "कारबेटर गेलाय" अशीच होती.