थीसिसचा डेटा पेनड्राइव्हवर ठेवू नका रे
गोव्यात ताळगाव पठारावर विद्यापीठात असा नाहीतर फर्मागुडीला कॉलेजात, पावसात लाइट जाणारच, त्यामुळे सगळा डेटा लॅबच्या एका पीसीवर नको. आधी गाईडची सही घेऊन कॉम्प्युटर सेंटरात अकाउंट उघडा आणि कोटा (फाइल्स ठेवायला मिळणारी जागा) किती, बॅकअप कोण घेतं, पीएचडी संपल्यावर फाइल्सचं काय हे तिथंच विचारा, नंतर कोणी सांगत नाही.

क्लस्टर (एकत्र जोडलेले बरेच कॉम्प्युटर) मिळाला तर लॉगिन नोडवर, म्हणजे आपण आत शिरतो त्या मशीनवर, प्रोग्राम चालवायचा नाही, तो सगळ्यांचा असतो (शिव्या खाल!), स्लर्म (कामं रांगेत लावणारं सॉफ्टवेअर) असेल तर स्क्रिप्टमध्ये किती प्रोसेसर कोअर, मेमरी, वेळ लागेल ते लिहून एसबॅच (sbatch) कमांडने जॉब टाकायचा नि एसक्यू (squeue) कमांडने रांग बघत राहायचं. उगाच 72 तास मागितले तर रांगेत कुजाल, आधी छोट्या डेटावर ट्रायल घ्या.

स्क्रॅच, म्हणजे क्लस्टरवरची तात्पुरती जागा, फास्ट असतं पण बहुतेक ठिकाणी तिथलं जुनं आपोआप उडतं, बॅकअपही नसतो, म्हणून आउटपुट आला की आरसिंकने (फाइल्स कॉपी करायची कमांड) लगेच दुसरीकडे हलवा. कॉपी 3, माध्यमं 2, त्यातली 1 कॉपी बिल्डिंगबाहेर. गेल्या पावसाळ्यातलं मांडवी नदीच्या पाण्याचं रीडिंग परत घेता येत नाही ना. आणि फाइलला 'फायनल_नवीन_2' नाही, तारीख आणि जागेचं नाव द्या, 2024-07-15_रायबंदर असं, म्हणजे फोल्डर आपोआप तारखेने लागतो.