बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

जुन्या बाइकची बॅटरी सारखी उतरत असेल तर मल्टिमीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवून टर्मिनलना लावा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 च्या आसपास हवेत, 12.2 म्हणजे जवळपास निम्मी उतरलेली. आता गाडी चालू करून रेस 4000 आरपीएमला धरा. 13.8 ते 14.5 आले तर चार्जिंग ठीक, बॅटरी तपासा. 15 च्या वर गेले तर बहुतेक रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) गेलाय. तशीच चालवली तर बॅटरी उकळते, बल्ब उडतात.

आकडा हललाच नाही तरी लगेच रेग्युलेटर आणायला धावू नका. मेकॅनिक सर्रास तेच करतात. आधी स्टेटरच्या (इंजिनातली वीज बनवणारी कॉइल) तीन (बहुधा पिवळ्या) वायरींचा कपलर, म्हणजे प्लास्टिकचा जोड, उघडा. पिन सैल झाली की रेझिस्टन्स वाढतो, पिन तापते आणि प्लास्टिक तपकिरी पडून वितळतं. कपलर चांगला असेल तर तो सुटाच ठेवून इंजिन चालू करा, मीटर 200 एसीवर: स्टेटरकडच्या दोन-दोन वायरींच्या तिन्ही जोड्यांत सारखेच व्होल्ट हवेत. पिनांना बोट लावू नका, झटका बसतो. मग इंजिन बंद करून बघा, कुठल्याही पिवळ्या वायरीची बॉडीशी कंटिन्युइटी (मीटरची बीप) मिळाली तर स्टेटरचं वाइंडिंग गेलं. इथवर सगळं ठीक असेल तर रेग्युलेटरची अर्थ वायर घासून घट्ट करा आणि पुन्हा मोजा.