बॉडी लिफ्ट करताय? या चुका टाळा

रविवारी सकाळी नऊला हात घातला आणि जेवणाआधी सगळे ठोकळे बसले. जुनी महिंद्रा जीप, दोन इंचांची बॉडी लिफ्ट, म्हणजे चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) आणि बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालून बॉडी वर उचलणं. मित्र म्हणाला, "एवढंच होतं होय?" मी किल्ली फिरवली आणि बॉनेटखाली असं टर्रर्र वाजलं की दोघंही दोन पावलं मागे सरकलो. रेडिएटर ग्रिलला, ग्रिल बॉडीला, त्यामुळे रेडिएटर आणि त्याचं फॅनकव्हर दोन इंच वर गेलं होतं. फॅन मात्र इंजिनावर, म्हणजे चासीच्या बाजूला, जिथल्या तिथे. पात्यांनी कव्हरची खालची कड कोयत्यानं कापावी तशी कापून काढली. रेडिएटरची जाळी वाचली ती निव्वळ नशिबानं.

बॉडी लिफ्टमधल्या बहुतेक चुका याच जातीच्या असतात. सगळ्यांचं लक्ष ठोकळ्यांवर. ठोकळा नायलॉनचा घ्यावा की ॲल्युमिनियमचा यावर तासन् तास चर्चा होते. पण ज्या वस्तूचं एक टोक बॉडीला आणि दुसरं चासीला आहे, अशी प्रत्येक वस्तू त्या दिवशी दोन इंच ताणली जाणार असते, आणि त्यांची मोजदाद कुणी केलेली नसते.

ते काम आदल्या दिवशी करा. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा आणि पुढून मागे सरकत जा. स्टेअरिंगचा शाफ्ट, रेडिएटरचे होज, ब्रेक आणि क्लचचे पाइप, हँडब्रेकची केबल, गिअरचे दांडे, अर्थिंगची पट्टी, वायरिंगचे जुडगे, एसीचे पाइप, डिझेल भरायच्या नळीचा रबरी होज. खडूनं खूण करा, प्रत्येकात ढील किती आहे ते बोटानं ओढून बघा. ज्यात ढील नाही तिथे क्लिप सोडून, ब्रॅकेट सरकवून किंवा लांब होज आणून ती सोय आधीच करून ठेवायची. बॉडी जॅकवर लटकत असताना होज आणायला बाजारात पळायची वेळ येऊ देऊ नका.

टायर नेमकं कुठे घासतंय?

मोठे टायर बसावेत म्हणून आपण बॉडी उचलतो. पण ते घासतात कुठे, हे न बघताच ठोकळे मागवणारे कमी नाहीत. एक पुढचं चाक दगडावर किंवा मातीच्या ढिगावर चढवा, स्टेअरिंग पूर्ण वळवा आणि आत वाकून बघा. मडगार्डला किंवा चाकाच्या कमानीला घासत असेल तर बॉडी लिफ्टचा उपयोग आहे. स्प्रिंगच्या पाट्याला, चासीच्या पट्टीला किंवा अँटीरोल बारला घासत असेल तर बॉडी कितीही उचला, घासायचं थांबणार नाही. तिथे रिमचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) किंवा चाक किती वळेल ते ठरवणारा स्टेअरिंगचा स्टॉप बोल्ट बघावा लागतो.

दुसरा गैरसमज ग्राउंड क्लिअरन्सचा. बॉडी लिफ्टनं डिफरेन्शियलचा गोळा (ॲक्सलवरचा फुगीर भाग) जमिनीपासून एक सूतही वर जात नाही. उंची मिळते ती टायरनं. 235/70 आर 16 या टायरचा व्यास साधारण 735 मिमी; त्याजागी 31 इंची टायर घातलं तर 787. फरक 52, त्यातला निम्मा म्हणजे 26 मिमी गोळ्याखाली वाढतो. दोन इंचांचे ठोकळे घालून पदरात पडतं ते हे, एक इंच. आणि स्पीडोमीटर 80 दाखवतो तेव्हा गाडी 85-86 नं पळत असते, हेही लक्षात ठेवा.

चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असलेल्या गाडीलाच हे शक्य आहे: थार, बोलेरो, स्कॉर्पिओ, गुरखा, जिप्सी, जिम्नी. डस्टर, हॅरियर, एक्सयूव्ही 700 या मोनोकॉक, म्हणजे चासी-बॉडी एकच असलेल्या गाड्या. त्यात ठोकळा घालायला फटच नाही. त्यांना 'बॉडी लिफ्ट' म्हणून जे विकलं जातं ते स्प्रिंगखालचे स्पेसर असतात, आणि ती वेगळी भानगड आहे.

बोल्ट सोडताना

कोकणात किंवा मावळात चार पावसाळे काढलेली गाडी असेल तर बॉडीचे बोल्ट असे धरलेले असतात की पाना वाकेल पण बोल्ट हलणार नाही. खरी पंचाईत वरच्या नटाची. बऱ्याच गाड्यांत तो बॉडीच्या पोकळीत पिंजऱ्यात बसवलेला किंवा वेल्ड केलेला असतो. इम्पॅक्ट गन लावली की तो आतल्या आत सुटतो, मग बोल्ट फिरतोय, नट फिरतोय आणि वरून हात जात नाही. शेवटी गालिचा उचलून फ्लोअरला ग्राइंडरनं खिडकी पाडावी लागते. तीन दिवस आधीपासून रोज संध्याकाळी गंज सोडवणारं तेल मारा. मग लांब पान्यानं पाव फेरा सोडा, पाव फेरा आवळा, पुन्हा सोडा. वेळ जातो, पण फ्लोअर वाचतो.

उचलण्याची रीत: बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, फॅनकव्हर सैल करा, स्टेअरिंगचं जोड मोकळं करा. एका बाजूचे बोल्ट काढा. दुसऱ्या बाजूचे फक्त ढिले ठेवा, म्हणजे बॉडी सरकत नाही. जॅक पत्र्याच्या फ्लोअरला लावू नका, पोचा पडतो. माउंटजवळच्या (बॉडी चासीला बोल्टनं बसते त्या जागेजवळच्या) मजबूत पट्टीखाली जाड फळी घालून उचला, ठोकळा जेमतेम सरकेल इतकंच. फटीत बोटं घालायची नाहीत. ठोकळा काठीनं ढकला. नव्या थारसारख्या एअरबॅगवाल्या गाडीत शाफ्ट सुटा असताना स्टेअरिंग चाक गरगर फिरू देऊ नका, आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगला वीज पोचवणारी गुंडाळलेली पट्टी) तुटते. चाक सरळ करून सीटबेल्टनं बांधून ठेवा.

ठोकळे आणि बोल्ट

अमेरिकेत जुन्या जीपवाल्यांनी आइस हॉकीच्या चकत्या वापरल्या. एक इंच जाड, तीन इंच व्यास, कडक रबर. जुगाड म्हणून वाईट नाही. आपल्याकडे लाकडाचे ठोकळे पाहिलेत. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं, आणि प्रत्येक वेळी बोल्ट थोडा सैल होतो. पाइपचे तुकडे कापून घातलेले पाहिलेत. त्यांची कड माउंटच्या रबरात रुतते. एकावर एक दोन ठोकळे रचणं हीही तीच गोष्ट, आडव्या धक्क्याला ते एकमेकांवरून घसरतात. लेथवाल्याकडून नायलॉनच्या भरीव दांड्याचे एकसारखे तुकडे कापून घ्या, मधलं भोक बोल्टाला नेमकं बसेल असं. बोल्ट 8.8 किंवा त्यावरच्या ताकदीच्या ग्रेडचा, आणि ठोकळा जितका उंच तितकाच जुन्यापेक्षा लांब. 12 मिमीचा बोल्ट नटात निदान 12 मिमी गेला पाहिजे. चार आटे धरले की झालं, असं म्हणणाऱ्या मेस्त्रीकडून गाडी परत आणा.

जुनी रबरं फाटली असतील तर त्याच दिवशी नवी घाला. आणि दोन इंचांच्या वर जाऊ नका. मी तर आता एकावरच थांबतो. तीन इंचांवर बोल्टवर पडणारा वाकडा ताण, स्टेअरिंगचा कोन आणि वळणावरचं डुलणं, तिन्ही एकदम वाढतात.

नंतर जे बिघडतं

स्टेअरिंग प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला जड लागत असेल तर शाफ्टच्या क्रॉसचा (सांध्याचा) कोन जास्त झालाय. त्याहून वाईट म्हणजे शाफ्ट ताणून त्याचे खाचे जेमतेम अडकलेले असणं. पुढची चाकं उचलून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून बघा. शाफ्ट कमी पडत असेल तर लांब शाफ्ट घ्या. मध्ये तुकडा वेल्ड करून चालवणाऱ्याच्या शेजारी मी बसणार नाही.

फोर-व्हील ड्राइव्हचा लो गिअर चढावर सुटतो, हे मी स्वतः मुळशीकडच्या चिखलात भोगलंय. गिअरबॉक्स घासलाय असं वाटून तीन आठवडे घालवले. दांडा चासीच्या बाजूचा, आणि ज्या भोकातून तो वर येतो ते फ्लोअर दोन इंच वर. दांडा भोकाच्या कडेला टेकत होता, त्यामुळे गिअर पूर्ण आत जातच नव्हता. भोक एक बोट वाढवलं, संपलं.

स्टार्टर सुस्त झाला किंवा हेडलाइट मंद झाले तर आधी अर्थिंगची पट्टी बघा. ती तुटली की स्टार्टरचा करंट दुसरी वाट शोधतो, कधी ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, आणि केबल जळते. डिझेल भरल्यावर वास येत असेल तर भरायच्या नळीचा होज ताणून क्लिपमधून निसटलाय. एक दार आपटल्याशिवाय लागत नसेल तर माउंट असमान आवळलेत. सगळे ढिले करा, गाडी हलवून बॉडी बसू द्या, मग मधून बाहेरच्या दिशेनं तिरके आवळा. हेडलाइटही खाली करून घ्या, नाहीतर घाटात समोरचा शिव्या घालणार.

कायद्याचं एका परिच्छेदात सांगतो. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार आरसीवरची माहिती बदलेल असा फेरफार करता येत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही कंपनीनं दिलेल्या मूळ रचनेविरुद्धचे बदल चालणार नाहीत असंच सांगितलं. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. अपघात झाला तर विमा कंपनीही हाच मुद्दा काढते. ट्रेलरवरून मैदानात नेली जाणारी गाडी वेगळी आणि रोज ऑफिसला नेली जाणारी वेगळी, हे बोल्ट सोडण्याआधी ठरवा.

सगळं आवळून झालं की प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून माउंटपर्यंत पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढा. 500 किलोमीटरनंतर, आणि पहिल्या चिखलानंतर, पुन्हा खाली झोपा. रेघ मोडली असेल तर बोल्ट फिरलाय. माझ्या जीपच्या बाकी सगळ्या रेघा सरळ होत्या. डाव्या मागच्या कोपऱ्यातली पाव फेरा सरकली होती. तिथे मी मोठं वॉशर घालायचं विसरलो होतो. ते अजून टूलबॉक्सच्या झाकणात पडलं होतं.