नवीन ई-रीडर घ्यायचा का? आधी आठ दिवस खिशात एक चिठ्ठी ठेवा

सेल लागला की आमच्या मित्रमंडळीत कोणीतरी हमखास विचारतं, जुना ई-रीडर (ई-बुक वाचायचं यंत्र) चालतोय पण नवीन घेऊ का. मी स्वतः दोन वर्षं हेच करत होतो, कार्टमध्ये टाक, काढ, परत टाक. शेवटी एक साधा उपाय केला, तोच सांगतो. आठ दिवस खिशात एक चिठ्ठी ठेवायची आणि वाचताना रीडरने जिथे वैताग दिला तिथल्या तिथे लिहायचं. घरी सोफ्यावर बसून आठवत लिहाल तर जाहिरातीतलं सगळं हवंहवंसं वाटेल. माझं वाचन बहुतेक ठाणे-वाशी लोकलमध्ये होतं, एका हातात वरचा हँडल आणि दुसऱ्या हातात रीडर, त्यामुळे चिठ्ठी ऐरोलीनंतर जागा मिळाली की भरायची.

आठ दिवसांनी त्यात सहा तक्रारी होत्या: बॅटरी दोन दिवसांत संपते, पान पलटायला वेळ लागतो, जोडाक्षरं पुसट दिसतात, दिवाळी अंकाची पीडीएफ वाचता येत नाही, पावसाचा थेंब पडला की पान आपोआप पलटतं, आणि रात्री पांढरा लाइट डोळ्यांना टोचतो. आता प्रत्येकीला एकच प्रश्न विचारायचा, नवीन घेतल्यावर ही जाईल का?

बॅटरीचं आधी बघा, कारण सगळ्यात जास्त लोक तिच्यापायी नवीन घेतात. ई-इंकचा, म्हणजे रीडरचा तो कागदासारखा दिसणारा, स्क्रीन पान बदलतानाच वीज खातो, नुसतं पान उघडं ठेवलं तर जवळपास काहीच नाही, म्हणजे बॅटरी खाणारं दुसरं काहीतरी असतं, बहुतेकदा लाइट, वायफाय किंवा इंडेक्सिंग. मी एकदम दोनेकशे फाइली आत ओतल्या होत्या, रीडर बिचारा मागच्या मागे प्रत्येक पुस्तकातल्या शब्दांची सूची बनवत बसला होता, आणि त्यात एखादी फाइल खराब असली की तो तिथेच अडकून राहतो. अर्ध्या फाइली काढल्या, रीस्टार्ट केला, वायफाय बंद ठेवला, तर चार्जिंग परत आठवडाभर जायला लागलं आणि पान पलटायचा उशीरही गेला. दोन तक्रारी फुकटात गेल्या की! हे सगळं करूनही दोन दिवसांतच संपत असेल तर मात्र बॅटरी म्हातारी झालीये. बदलून घेणार असाल तर उघडायच्या आधीच विचारा, स्क्रीन फुटला तर खर्च कोणाचा, कारण बऱ्याच रीडरमध्ये आतला स्क्रीन पातळ काचेचा असतो आणि उघडताना तडकू शकतो.

जोडाक्षरांसाठी आपलं मॉडेल कुठलं ते शोधा. ॲमेझॉनच्या किंडल पेपरव्हाइट रीडरला ३०० पीपीआयचा (एका इंचात ३०० ठिपके, जास्त ठिपके म्हणजे अक्षर जास्त स्पष्ट) स्क्रीन २०१५ मध्येच आला, साध्या किंडलला तो थेट २०२२ मध्ये मिळाला, त्याआधी १६७ होता. १६७ वरून ३०० वर गेलात तर रफार, उकार, ‘ऱ्या’ सगळं लख्ख दिसेल, मराठी वाचणाऱ्याला हा फरक इंग्रजीपेक्षा जास्त जाणवतो. पण आधीच ३०० असेल तर नवीन घेऊन अक्षर काही सुधारणार नाही. आणि अक्षरं पुसट नसून तुटलेली दिसत असतील तर आधी फाइलवर संशय घ्या, तेच पुस्तक मोबाइलवर उघडून बघा.

स्क्रीनच्या आकाराचं थोडं वेगळं आहे. देवनागरीला वर वेलांट्या, खाली उकार, म्हणून दोन ओळींत जागा जास्त लागते आणि सहा इंचावर फॉन्ट मोठा केला की पानात ओळी मोजक्याच उरतात. २०२१ चा पेपरव्हाइट ६.८ इंची आहे, २०२४ चा ७ इंची. कादंबरी वाचायला हा फरक चांगला वाटतो. पीडीएफला मात्र काही उपयोग नाही, दोन कॉलमचा दिवाळी अंक सात इंचावरही डोळे फोडूनच वाचावा लागतो, त्याला दहा इंची काहीतरी किंवा सरळ कागदी अंक. रंगीत ई-इंकचा मोह होईल, पण आत्ताच्या कॅलिडो ३ नावाच्या रंगीत स्क्रीनवर रंगीत भाग १५० पीपीआयचाच दिसतो आणि वरच्या फिल्टरमुळे पानाचा पांढरेपणा जरा मळका वाटतो.

पावसाचं तर गंमतच आहे. २०१८ पासूनचे पेपरव्हाइट वॉटरप्रूफ आहेत, पण वॉटरप्रूफ म्हणजे पाण्याने बिघडत नाही एवढंच, थेंब पडला की पान तरीही पलटणारच. झिपलॉकची पिशवी घ्या, वरून टच व्यवस्थित चालतो.

राहिला पिवळसर लाइट. पेपरव्हाइटला तो २०२१ पासून आहे, पण २०२४ च्या साध्या किंडललाही नाहीये, आणि तो वॉटरप्रूफही नाही. तेव्हा लेटेस्ट आहे म्हणजे सगळं असेल असं धरून चालू नका. माझ्या चिठ्ठीत शेवटी ही एकच तक्रार उरली, तर रीडरचा लाइट बंद करून उशाच्या दिव्याला पिवळा बल्ब लावला आणि कार्ट रिकामं केलं. तुमच्याकडे १६७ चा स्क्रीन, मेलेली बॅटरी आणि रात्रीचं वाचन असं तिन्ही असेल तर मात्र खुशाल घ्या, सेलची वाट बघून घ्या.

पैसे भरायच्या आधी अजून एक, पुढची पाच पुस्तकं कुठली वाचणार ते लिहून ती ई-बुकमध्ये आहेत का ते शोधा. माझी तीन नव्हतीच, ती ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून आणली. ते १८९३ पासून आहे, चार्जिंग लागत नाही.

आणि घेतलाच, तर जुना कोणाला द्यायच्या आधी आतलं वाचवा. विकत घेतलेली पुस्तकं अकाउंटवर असतात, ती नवीन किंडलवर परत उतरतात, पण फेब्रुवारी २०२५ पासून किंडलच्या वेबसाइटवरून पुस्तक कॉम्प्युटरवर डाउनलोड करून यूएसबीने टाकायची सोय बंद झालीये. केबलने टाकलेल्या स्वतःच्या फाइली कॉम्प्युटरवर कॉपी करा, सोबत ‘माय क्लिपिंग्ज’ नावाची फाइलही, त्यात तुमच्या सगळ्या खुणा असतात. मग जुन्या रीडरवरून आपलं अकाउंट काढा, तो रीसेट करा आणि भाचीला द्या.