हँडबॉलचं पंच व्हायचंय? मग आधी चेंडूवरची नजर काढा

आधीच सांगून टाकते, हँडबॉलच्या शिट्टीवर घर चालत नाही. ठाणे-नवी मुंबईत शालेय स्पर्धांच्या हंगामात दिवसभर उन्हात उभं राहून जे मानधन हातात पडतं, त्यातून रिक्षा, लोकल आणि जेवण वजा केलं की सांगण्यासारखं काही उरत नाही. बाजूला नोकरी नाहीतर शिकवण्या हव्यातच. हे पटत असेल तरच पुढे वाचा. पटलं असेल तर घाबरू मात्र नका, कारण इथे मुलींची खरोखर गरज आहे.

२ नोव्हेंबर २०२५ ला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. पुढे कित्येक दिवस ट्रान्स-हार्बरच्या डब्यात दुसरा विषय नव्हता. त्याच महिन्याच्या २६ तारखेला जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये महिला हँडबॉलची जागतिक स्पर्धा सुरू झाली, तब्बल ३२ देशांची, आणि आमच्या खेळाडूंच्या ग्रुपवरसुद्धा कुणी हूं की चूं केलं नाही. भारत त्यात नव्हता ना! डिसेंबर २०२४ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेतून जपान, दक्षिण कोरिया, कझाकस्तान आणि इराण पुढे गेले. आपल्या महिला या जागतिक स्पर्धेत अजून एकदाही खेळलेल्या नाहीत. तरीही पंचगिरी शिकायची तर यापेक्षा चांगला क्लास नाही. तिकडचे रात्रीचे साडेआठ म्हणजे आपल्याकडे एक वाजतो, तेव्हा जागरणाचा हट्ट सोडा आणि रेकॉर्डिंग बघा.

पण बघायचं कसं, तिथेच गोची आहे. खेळाडू म्हणून वर्षानुवर्षं आपली नजर चेंडूमागे पळालेली असते. टीव्हीचा कॅमेराही तेच करतो. रॉटरडॅमची अंतिम लढत घ्या. नॉर्वेने जर्मनीला २३-२० ने हरवलं आणि पंचेचाळिशीतली कॅट्रिन लुंडे गोलमध्ये उभी होती. सामना बघून उठलात की तिने अडवलेले फटके आठवतील. पिव्हटचं, म्हणजे बचाव करणाऱ्यांच्या मधोमध घुसून रेषेवर उभ्या राहणाऱ्या आक्रमक खेळाडूचं, काय चाललं होतं, हे विचारलं तर सांगता येणार नाही.

आणि पंचाचं अर्धं काम तिथेच असतं. दोन पंचांपैकी एक आक्रमणाच्या मागे उभा असतो, तो चेंडू असलेली खेळाडू आणि तिच्यासमोरचा बचाव बघतो. दुसरा गोललाइनवर असतो, त्याने बघायची ती डीची, म्हणजे गोलसमोरच्या गोलकीपरच्या क्षेत्राची रेषा, पिव्हट आणि आपल्या बाजूची विंग, म्हणजे कडेची खेळाडू. चेंडू समोरच्या संघाकडे गेला की दोघांच्या भूमिका उलटतात. आता गोललाइनवर तुम्ही आहात आणि चेंडू नऊ मीटरवर फिरतोय. तेवढ्यात रेषेवर बचाव करणारीने पिव्हटच्या कमरेला हात घातलेला असतो, किंवा पिव्हटनेच तिचा हात काखेत दाबून धरलेला असतो, पास आला की पडायचं म्हणून. पास येतो, पिव्हट पडते, पालक ओरडतात, तुमची मान तेव्हा वळते. दिसतं ते फक्त पडणं. कोणी कोणाला धरलं होतं, ते आधीच होऊन गेलेलं असतं. मग पडण्याला शिट्टी वाजते. पडणं म्हणजे फाऊल नव्हे, हे भिंतीवर लिहून ठेवा.

पायांचंही तसंच. बचाव करणारीने डीत उभं राहून गोलची स्पष्ट संधी मोडली तर सेव्हन मीटर, म्हणजे पेनल्टीसारखा थेट गोलवर फटका. बाहेर राहून छातीने समोर अडवलं तर खेळ चालू. विंगरने उडी बाहेरून घेतली आणि जमिनीला टेकण्याआधी चेंडू सोडला, तर ती डीत पडली तरी गोल. हे सगळं खाली ठरतं आणि आपण वर बघत असतो. त्यात आपल्याकडे मातीचं मैदान. दुसऱ्या सामन्यापर्यंत गोलसमोरची फक्की पुसून गेलेली असते. शिट्टी मारण्याआधी ती पुन्हा मारून घ्याच. एकदा एका प्रशिक्षकाने आपल्या मुलीचा बूट काढून माझ्यासमोर धरला, “बघा मॅडम, कुठे लागलीय फक्की?” बूट चकाचक होता. निर्णय बदलला नाही, कारण मी पाय बघितला होता.

सराव सोपा आहे, कंटाळवाणा आहे. एकच आक्रमण पुन्हापुन्हा लावा. एकदा फक्त पिव्हट, एकदा फक्त बचावाचे पाय, एकदा फक्त पंच. फ्रान्सच्या बोनाव्हेंतुरा या जुळ्या बहिणी, शार्लोट आणि ज्युली, पुरुषांच्या जागतिक स्पर्धेतही पंच होत्या. त्यांचे सामने मिळाले तर चेंडू लांब असताना गोललाइनवरची बहीण कुठे बघते, तेवढंच बघा.

जुने सामने मात्र जपून बघा. स्पेनमधल्या २०२१ च्या स्पर्धेत पॅसिव्ह प्लेचा, म्हणजे गोलचा प्रयत्न न करता चेंडू नुसता खेळवत राहिल्याचा इशारा म्हणून पंचाचा हात वर गेल्यावर सहा पास चालत होते. जुलै २०२२ पासून चारच चालतात. नॉर्वेने फ्रान्सला २९-२२ ने हरवलं तो अंतिम सामना सुंदर आहे, पण त्यावरून पास मोजायला शिकलात तर पंचांच्या परीक्षेत आपटाल.

प्रश्नसंच पाठ करून पास करून देणारे सर प्रत्येक जिल्ह्यात भेटतात. प्रश्नसंच वाईट नाही, मीही घोकला आहे. त्याने लेखी सुटते, मैदान सुटत नाही. मोठा खेळाडू म्हणजे चांगला गुरू, असंही मला वाटत नाही. त्यातले बरेच जण स्वतःच्या सामन्यांच्या गोष्टी सांगतात आणि चहा पाजून घेतात. त्यापेक्षा सामना संपल्यावर “तो सेव्हन मीटर का दिलास?” असं विचारणारी कुणी सीनियर ताई शोधा. ती रडवेल. रडा, पण तिला सोडू नका.

आणि शिट्टीची घाई करू नका, आधी टेबलवर बसा. वेळ आणि स्कोअरशीट सांभाळताना कोणाची दोन मिनिटं बाहेर बसण्याची शिक्षा कधी संपते, बदली खेळाडू कुठून चुकीची आत शिरते, तिसऱ्या दोन मिनिटांना लाल कार्ड कसं येतं, हे सगळं शिव्या न खाता शिकता येतं. आदल्या दिवशी आयोजकांना फोन करा, टेबलला माणसं त्यांना नेहमीच कमी पडतात. दोन पेनं आणि टोपी घेऊन जा.